शास्त्र एकट्यानं वाचता येतं का? पंडिता रमाबाई आणि ना. वा. टिळक यांच्या निमित्तानं



मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाणाविषयी बोललो होतो. ग्रंथात लिहिलंय म्हणून एखादी गोष्ट खरी मानायची का, आणि मानायची तर कुठल्या अटींवर, असा तो प्रश्न होता. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतला एक तरुण मला जिन्यात गाठून म्हणाला, "सर, तुमचे वेद झाले, मीमांसा झाली. आमच्या घरी बायबल आहे. आमचे पास्टर एक सांगतात, यूट्यूबवरचे दुसरं सांगतात, मोबाईलवर रोज तिसरंच वचन येतं. खरी शिकवण कुठली, हे मी स्वतः बायबल वाचून ठरवू शकतो का?" मी म्हटलं, पुढच्या वेळी ये, यावरच बोलू. तो आज आलाय, मला दिसतोय. नाव घेत नाही, घाबरू नकोस.

आधी एक स्पष्ट करतो. मी ख्रिस्ती नाही. मी तत्त्वज्ञानाचा शिक्षक. तेव्हा ख्रिस्ती लोकांनी काय मानावं हे सांगण्याचा अधिकार माझ्याकडे नाही आणि मला तो नकोही आहे. पण एखादा माणूस ग्रंथ उघडून बसतो आणि त्यातून आयुष्य बदलण्याइतका निष्कर्ष काढतो, तेव्हा तो नेमकं काय करत असतो, हा प्रश्न माझ्या विषयातला आहे. आणि त्याची उत्तम उदाहरणं आपल्या मराठीत आहेत. दुर्दैवानं आपण ती वाचतो धर्मांतराची कहाणी म्हणून. कोणी बाजूनं वाचतो, कोणी विरोधात. ती वाचनाची कहाणी म्हणून फारसं कुणी वाचत नाही.

पण त्याआधी आमच्या सोसायटीतली गोष्ट सांगतो, म्हणजे हा प्रश्न पुस्तकी नाही हे लक्षात येईल.

डोंबिवलीत आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात. सगळे त्यांना मावशी म्हणतात. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. दोन-तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. करोनाच्या काळात मोबाईलवर एक्क्याण्णवावं स्तोत्र फार फिरत होतं, तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. देव आश्रय आहे, मरी तुझ्या घराजवळ फिरकणार नाही, देवदूत तुला हातांवर झेलतील, अशा आशयाचं ते स्तोत्र आहे. मावशींनी ते पाठ केलं. त्यातून त्यांना धीर आला, हे मी स्वतः पाहिलंय. पण पुढे कुणीतरी त्याच वचनाचा अर्थ असा पाठवला की ज्याचा खरा विश्वास आहे त्याला औषधाची गरज नाही. मावशींनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. घरात कुणाला बोलल्या नाहीत. तीन आठवड्यांनी चक्कर येऊन पडल्या तेव्हा कळलं.

त्यांची मुलगी रडवेली होऊन माझ्याकडे आली. "सर, तुम्ही एवढं वाचता, तुम्ही आईला समजवा." मी म्हटलं, मी काय समजावणार, पण बसतो त्यांच्याजवळ. गेलो. मावशींना म्हटलं, तुमचंच बायबल काढा आणि मत्तयाचा चौथा अध्याय मला वाचून दाखवा. त्यांनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. येशू अरण्यात उपाशी आहे, सैतान त्याची परीक्षा घेतोय. सैतान त्याला मंदिराच्या उंच टोकावर नेतो आणि म्हणतो, टाक उडी, कारण देवदूत तुला झेलतील असं शास्त्रात लिहिलंच आहे. मावशी थांबल्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ते वचन एक्क्याण्णवाव्या स्तोत्रातलंच होतं. तेच, जे त्यांना पाठ होतं. इथे ते सैतानाच्या तोंडी होतं.

पुढे येशू काय उत्तर देतो? ते वचन खोटं आहे, असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, असंही लिहिलेलं आहे, की देवाची परीक्षा पाहू नकोस. हे दुसरं वचन अनुवादाच्या पुस्तकातलं, सहाव्या अध्यायातलं आहे. म्हणजे एका वचनाला दुसऱ्या वचनाशेजारी बसवून तो अर्थ लावतो.

मित्रहो, मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. धर्मग्रंथाचा चुकीचा वापर कसा होतो, याचं उदाहरण त्या ग्रंथानं स्वतःच्याच पोटात ठेवलंय. वचन अस्सल आहे, शब्द अचूक आहेत, आणि तरी वापर खोटा आहे. तेव्हा "बायबलमध्ये लिहिलंय" एवढ्यानं काही ठरत नाही, हे बाहेरच्या टीकाकारानं सांगायची गरजच नाही.

मावशींनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. माझ्यामुळे नव्हे, बरं का. त्यांच्या चर्चमध्ये एक निवृत्त नर्सबाई आहेत, त्यांनी येऊन चांगलं खडसावलं आणि महिनाभर रोज संध्याकाळी येऊन रक्तदाब मोजला. हे दोन्ही लक्षात ठेवा: ते चौथ्या अध्यायाचं पान आणि त्या नर्सबाई. शेवटी आपल्याला तिथेच परत यायचंय.

आता रमाबाईंकडे वळू.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, त्यापायी लोकांचा रोष पत्करला. दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पुराणं सांगत रमाबाई देशभर हिंडल्या, १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या, तिथे पंडितांनी त्यांना पदवी दिली. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. मी एवढंच सांगतो, की बायबल हातात आलं तेव्हा या बाई कोऱ्या पाटीच्या नव्हत्या. ग्रंथ कसा वाचावा, पाठ कसा करावा, वाद कसा घालावा, याचं शिक्षण त्यांना लहानपणापासून होतं. लूकचं शुभवर्तमान त्यांना प्रथम सापडलं ते बंगालीत, लग्नानंतर सिल्चरच्या घरात, पुस्तकांच्या ढिगात. ते तिथे आलं कुठून हे त्यांनाही माहीत नव्हतं.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज या गावी अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहिल्या आणि २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. याचा खुलासा त्यांनी १९०७च्या आत्मनिवेदनात केला आहे. त्यात त्या दोन गोष्टी सांगतात. एक, मठातल्या बायकांनी त्यांना लंडनमध्ये फुलमच्या एका आश्रमात नेलं. समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे मायेनं सांभाळलं जात होतं. रमाबाईंनी विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा त्यांच्यापुढे योहानाचा चौथा अध्याय ठेवला गेला, विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीचा. आणि दुसरी गोष्ट, फादर नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचं पुस्तक वाचून त्यांची बुद्धीला धरून खात्री पटली.

इथे थोडं थांबू या. 'रमाबाईंनी स्वतः बायबल वाचून ख्रिस्ती धर्म स्वीकारला' असं सर्रास म्हटलं जातं. ते खरं आहे का? योहानाचा चौथा अध्याय त्यांना उलगडला तो आश्रम पाहून. तर्क पटला तो एका चित्पावन शास्त्र्याच्या पुस्तकामुळे. म्हणजे अगदी आरंभापासून त्या वाचनात इतर माणसं आहेत. कुणाचं काम आहे, कुणाचा युक्तिवाद आहे. ग्रंथ आणि मी, मध्ये कोणी नाही, असा क्षण शोधायला गेलं तर तो सापडत नाही.

आता दुसरा पुरावा घ्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता. त्यांनी दोघींचा पत्रव्यवहार जपून ठेवला आणि तो १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृती मंडळानं छापला. मराठी वाचकानं हा ग्रंथ जरूर पाहावा. १८८४-८५च्या त्या पत्रांत वेगळ्याच रमाबाई भेटतात. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, असं त्या विचारतात. अंडं घातलेला पदार्थ खात नाहीत, त्यावर टोमणा आला तर उलट उत्तर देतात. आणि मुख्य म्हणजे त्रैक्याचा सिद्धान्त, येशूचा अलौकिक जन्म, चर्चची मतांगीकार-सूत्रं, या सगळ्यांवर त्या म्हणतात, हे मला बायबलमध्ये दाखवा. दिसलं तर मानीन. केवळ चर्च सांगतं म्हणून मानणार नाही. पुरोहितांचं एक जोखड मी नुकतंच मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता दुसरं घ्यायला मी तयार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे.

हे वाचून आपल्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. वाजवा. पण सिस्टर जेराल्डीन यांचं म्हणणंही नीट ऐका, कारण आपल्याकडे त्यांना खलनायिका करून टाकायची पद्धत आहे. सिस्टर विचारतात, तू दोन वर्षांची ख्रिस्ती, आणि अठराशे वर्षं ज्यांनी या ग्रंथावर विचार केला त्यांना तू एकटी कुठल्या मापानं मोजणार? तुझी सदसद्विवेकबुद्धी म्हणजे तुझा अहंकार नाही, हे तू कशावरून ओळखणार? या प्रश्नात सत्ता गाजवण्याचा भाग आहेच. साम्राज्याचा दर्पही आहे. पण तो वजा केला तरी प्रश्न उरतो, आणि तो खरा आहे.

युरोपात हाच वाद साडेतीनशे वर्षं आधी झाला होता. १५२१ साली वर्म्सच्या सभेत लूथरनं शास्त्र आणि सदसद्विवेक यांचा आधार घेतला. १५४६ साली ट्रेंटच्या परिषदेनं उत्तर दिलं की चर्चनं धरलेल्या अर्थाविरुद्ध कुणी स्वतःच्या अकलेनं शास्त्राचा अर्थ लावू नये. आपल्या किनाऱ्यावर त्याचे परिणाम दिसतात. १६१६ साली फादर स्टीफन्स यांनी गोव्यात क्रिस्तपुराण रचलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. ते मराठीचं वैभव आहे, पण ते बायबलचं भाषांतर नाही. पुराणाच्या रूपात, जाणत्यानं सांगायची ती कथा. उलट श्रीरामपूरला विल्यम केरीनं पंडित वैजनाथांच्या मदतीनं १८११ साली मराठी नवा करार छापला तो लोकांच्या हातात द्यायला. आज ही दोन टोकं बरीच जवळ आलीत. १९६५मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं शास्त्र सगळ्या श्रद्धावंतांसाठी खुलं असावं असं सांगितलं, आणि वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी टिपांसह 'सुबोध बायबल' मराठीत आणलं. वसई तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. टिपांसह, हे महत्त्वाचं. वाच, पण हे शेजारी ठेवून वाच.

पुन्हा रमाबाईंकडे येऊ. आता माझी टीका ऐका. १९०७च्या आत्मनिवेदनात शोमरोनी स्त्रीचा अध्याय वाचून ख्रिस्त हाच तारणारा असल्याचं आपल्याला उमगलं, असा सूर आहे. १८८५च्या पत्रांत मात्र ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाबद्दलच त्यांचे प्रश्न चालू आहेत. दोन्ही रमाबाईच. पण वीस वर्षांनी मागे वळून पाहताना वाट सरळ दिसते. आत्मनिवेदन लिहिणाऱ्या प्रत्येकाचं असंच होतं, त्यात लबाडी नाही. तरीही समीक्षक म्हणून मी सांगेन, की केवळ आत्मनिवेदन वाचणाऱ्याला रमाबाईंचं वाचन अर्धंच कळतं. अडखळणं, भांडणं, थांबणं, मत बदलणं हा सगळा भाग पत्रांत आहे. आणि शिकवण पारखणं म्हणतात ते तिथेच घडतंय.

कारण पुढे काय झालं बघा. ज्या प्रश्नांवर त्या सिस्टरांशी भांडल्या, त्यातल्या काहींवर त्यांनी नंतर मत बदललं. ख्रिस्ताचं ईश्वरत्व त्या मनापासून मानू लागल्या. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. पण कुणाच्या तरी हुकमानं मानायचं नाही, हे त्यांनी कधीच सोडलं नाही. म्हणजे निष्कर्ष बदलले, पद्धत तीच राहिली. ज्याचे निष्कर्ष आयुष्यभर जराही हलत नाहीत, तो ग्रंथ वाचतोय की ग्रंथात स्वतःला वाचतोय, अशी मला शंका येते.

आणि शेवटचं पर्व तर विलक्षण आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, वयाच्या पन्नाशीच्या आसपास, या बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. का? तर दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबायचं नाही म्हणून, आणि खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला कळेल असं बायबल द्यायचं म्हणून. प्रचलित भाषांतरातले संस्कृत-वेदान्ती वळणाचे शब्द त्यांना खटकत. ज्यांनी लहानपणी अठरा हजार श्लोक पाठ केल्याचं सांगितलं जातं, त्यांनीच संस्कृत शब्द गाळावेत, यामागे काही विचार आहे. आपल्या आधीच्या ग्रंथसंस्काराचं पाणी या ग्रंथात मिसळू नये, ही ती दक्षता. ते काम त्यांनी एकटीनं केलं नाही. मुक्तीतल्या मुलींनी खिळे जुळवले, छापलं, बांधलं. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झालं.

खरं सांगायचं तर ते भाषांतर वाचायला सोपं नाही. मुळाशी इमान राखण्याच्या आग्रहात वाक्यं अवघडली आहेत. ज्या बाईसाठी ते केलं, तीच त्यात अडखळली असावी. मराठी चर्चनं रोजच्या वापरासाठी बायबल सोसायटीचंच भाषांतर ठेवलं. माझ्या मते हा वैयक्तिक अभ्यासाच्या मर्यादेचाच धडा आहे. विद्वत्ता अफाट, प्रामाणिकपणा निर्विवाद, पण चार वेगळ्या कानांनी ते वाक्य ऐकून 'बाई, हे कळत नाही' असं म्हणायला हवं होतं.

आता आपल्या गावाकडे येऊ. कल्याणमध्ये बसलेल्यांपैकी किती जणांना माहीत आहे की रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचं लहानपणीचं काही शिक्षण याच कल्याणात झालं? १८६९ ते १८७३, चार वर्षं. तुमचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, म्हणजे तेव्हा अवघ्या पाच वर्षांचं होतं. पुढे नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृत काव्याचा अभ्यास केला. १८९३च्या सुमारास ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं निघाले होते. डब्यात एका मिशनऱ्याशी गप्पा झाल्या, त्यानं बायबल हातात ठेवलं. टिळकांनी वाचायला घेतलं आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी, डोंगरावरच्या प्रवचनाशी, अडकले. मग मिशनशी टोपणनावानं पत्रव्यवहार, आणि १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा.

ही तर अगदी आदर्श गोष्ट झाली, नाही का? आगगाडी, अनोळखी माणूस, पुस्तक, एकट्याचं वाचन. पण टिळकच पुढे सांगत की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून. हे सौजन्याचं वाक्य समजू नका. वारकरी अभंगांनी ज्याचा कान तयार झाला होता, त्यालाच ते प्रवचन तसं ऐकू आलं. गाडामर नावाचा जर्मन तत्त्वज्ञ १९६०च्या आपल्या ग्रंथात म्हणतो की पूर्वसमज घेतल्याशिवाय कुणी काहीच समजू शकत नाही. टिळकांनी हे आपल्या अनुभवातून साठेक वर्षं आधी सांगितलं. रमाबाईंनी पूल मोडायचा प्रयत्न केला, टिळकांनी पूल मान्य केला. दोघांनाही तो ओलांडूनच जावं लागलं होतं.

आणि या गोष्टीला दुसरी बाजू आहे. ती लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त लिहिली. पहिला भाग १९३४ला आला. नवरा बाप्तिस्मा घेऊन मोकळा झाला, आणि या बाईवर आभाळ कोसळलं. नातेवाईक, सोवळं-ओवळं, लहानगा मुलगा, पंढरपूरचा तो काळ. काही वर्षांनी त्या पुन्हा टिळकांबरोबर राहू लागल्या, पण ख्रिस्ती झाल्या त्या टिळकांनी सांगितलं म्हणून नाही. जातिभेदावर स्वतः विचार करून, हा माणसानं केलेला आहे असं मनाशी ठरवून, आधी त्यांनी सगळ्यांच्या हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा नंतर.

एका बाजूला टिळक मोठ्या ग्रंथवाचनातून निष्कर्षाला आले, पण त्याची किंमत बायकोनं चुकवली, तिला न विचारता. दुसऱ्या बाजूला जेमतेम अक्षरओळख असलेली बाई आधी वागायला लागते आणि मग ग्रंथाकडे येते. 'माझं वैयक्तिक वाचन' असं आपण म्हणतो, तेव्हा त्याचे परिणाम भोगणारे घरात इतरही असतात. मी टिळकांना कमी लेखत नाही. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढणारा, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसवू पाहणारा हा माणूस मोठाच होता. १९१९ला ते गेले, तो प्रयोग वाढायच्या आतच. पण लक्ष्मीबाईंचं पुस्तक वाचल्याशिवाय टिळकांच्या त्या आगगाडीतल्या वाचनाची गोष्ट पूर्ण होत नाही.

मग मूळ प्रश्न. खरी शिकवण स्वतः वाचून ठरवता येते का?

आपल्याकडे मीमांसकांनी ग्रंथाचं तात्पर्य ठरवायला सहा खुणा सांगितल्यात. आरंभ आणि शेवट यांचा मेळ, पुन्हा पुन्हा काय येतं, नवं काय सांगितलंय, फळ काय, स्तुतीचा भाग कुठला, आणि युक्तिवाद कसा चालतो. लोकमान्यांनी १९१५च्या 'गीतारहस्या'त हीच पद्धत गीतेला लावली. ती डोंगरावरच्या प्रवचनाला लावून बघा. आरंभ होतो तो आत्म्यानं दीन असलेल्यांपासून. शेवट होतो दोन घरांच्या दृष्टान्तानं: ऐकून तसं वागतो त्याचं घर खडकावर, ऐकून वागत नाही त्याचं वाळूवर. मध्ये सहा वेळा एकच वळण येतं, तुम्हाला पूर्वी असं सांगितलं होतं, मी मात्र असं सांगतो. फळाबद्दल तर सातव्या अध्यायात उघडच आहे: खोटे संदेष्टे फळांवरून ओळखा. आणि त्याच्या लगेच पुढे, मला नुसतं प्रभू प्रभू म्हणणारा प्रत्येक जण आत येणार नाही, माझ्या नावानं चमत्कार केलेत असं सांगणारेही नाहीत.

मंडळी, हे वाचल्यावर मला तरी तात्पर्य असं दिसतं, की या प्रवचनानुसार खरी शिकवण ओळखायची परीक्षा वाचणाऱ्याच्या खात्रीत नाही, वागण्यात आहे. आणि वागणं एकट्याला दिसत नाही, शेजाऱ्याला दिसतं. म्हणून नर्सबाई हव्यात. माझीच मीमांसेची खूण वापरून मी हे काढलं, यावर रमाबाई मला रागावतील, हेही मला कळतं. त्यांनी दाखवून दिलं तर मी दुरुस्त करीन.

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात दोन प्रसंग आहेत. सतराव्या अध्यायात बिरुयाचे लोक पौलाचं ऐकतात, पण रोज शास्त्र उघडून तपासतात, हे असंच आहे का म्हणून. त्याबद्दल त्यांची तारीफ केली आहे. आठव्या अध्यायात एक हबशी अधिकारी रथात बसून यशया वाचतोय. फिलिप्प विचारतो, कळतंय का? तो म्हणतो, कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार? आणि त्याला रथात शेजारी बसवून घेतो. एकात तपासणी, एकात सोबत. पुस्तकानं दोन्ही ठेवलेत. आपण मात्र आपल्या सोयीचं एकच उचलतो. पास्टर आठवा अध्याय सांगतात, बंडखोर सतरावा सांगतो.

तेव्हा मागच्या रांगेतल्या माझ्या मित्रा, तुला माझं सांगणं असं. हो, स्वतः वाच. तो तुझा हक्क आहे, रमाबाईंनी तो भांडून मिळवला. पण मोबाईलवर आलेलं एकटं वचन घेऊ नकोस. त्याच्या आधीचं आणि नंतरचं पान वाच, आणि त्याला उत्तर देणारं दुसरं वचन कुठे आहे ते शोध. मत्तयाचे पाच, सहा, सात हे तीन अध्याय एका बैठकीत वाच. एकूण १११ ओव्या आहेत, अर्ध्या तासाचं काम. मग जो तुझ्याशी सहमत नाही अशा एका माणसाबरोबर पुन्हा वाच. आणि तू काढलेल्या अर्थाची किंमत घरात कुणाला द्यावी लागणार आहे, हे त्या माणसाला आधी विचार. विशेषतः आईला.

परवा मावशी लिफ्टमध्ये भेटल्या. पिशवीत भाजी होती आणि वर औषधाची चिठ्ठी. म्हणाल्या, "सर, एक्क्याण्णवावं अजून रोज म्हणते हं मी." मी म्हटलं, म्हणा की. गोळी घेऊन म्हणा.

आता प्रश्न घेऊ.